वाचकांचे प्रश्न : तेरा वसाहती एका बाजूला कशा आल्या?

गेल्या अंकात या सदरातील एका उत्तरात बोस्टनच्या बंदरात चहा बुडवल्याचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर बरीच पत्रे आली आणि त्यांपैकी पाच पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : अमेरिकेतील ब्रिटिश वसाहती एकत्र आल्या कशा? म्हणून या वेळचे पान त्या पाच पत्रांना दिले आहे.

प्रश्न : करांमुळे वसाहती चिडल्या, चहा समुद्रात फेकला गेला आणि युद्ध झाले, असे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आलो. परंतु तेरा वेगवेगळ्या वसाहतींना एकत्र यावेसे का वाटले, हे पुस्तकात कुठेच नीट सांगितलेले नसते. ती एकी मुळात आली कुठून?
— निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपल्या प्रश्नात एक गृहीत आहे, ते आधी बाजूला करावे लागेल. वसाहतींमध्ये एकी होती आणि म्हणून त्या ब्रिटिशांविरुद्ध उभ्या राहिल्या, असा क्रम आपण मनात धरतो. घटना तारीखवार मांडल्या तर क्रम उलटा दिसतो. आधी विरोध झाला, तोही ज्याने त्याने आपापल्या अंगणात केला. आणि तो निभावून नेण्यासाठी एकमेकांना पत्रे लिहिता लिहिता, खरे तर एकमेकांवर नजर ठेवता ठेवता, एकी घडत गेली.

१७५० च्या सुमारास या वसाहतींचे आपसांत फारसे जमत नव्हते. मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या परंपरेचा पगडा होता, पेनसिल्व्हेनिया क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलेली होती, मेरीलँडची स्थापना एका कॅथलिक घराण्याने केली होती आणि व्हर्जिनियातील तंबाखूचे मळेवाले इंग्लंडच्या अधिकृत चर्चला मानणारे होते. प्रत्येकीचे विधिमंडळ वेगळे होते आणि मोठा व्यापार शेजारणीपेक्षा लंडनशी चाले. त्यात हद्दीची भांडणे होती. आजचा व्हर्मॉन्ट प्रांत आपला की तुमचा, यावरून न्यूयॉर्क आणि न्यू हॅम्पशायर यांच्यात वाद होता, तर वायोमिंग खोऱ्यावरून पेनसिल्व्हेनिया आणि कनेक्टिकट येथील वसाहतवाल्यांनी १७६९ नंतर एकमेकांवर चक्क शस्त्रे उगारली. आपल्याकडे बांधावरून भावकीत जे होते, तेच तिथे प्रांताच्या मापाने चालले होते.

एकत्र यावे असे कोणी सुचवलेच नव्हते, असेही नाही. १७५४ मध्ये फ्रेंचांशी युद्ध पेटण्याच्या बेतात असताना ऑल्बनी या गावी सात वसाहतींचे प्रतिनिधी जमले आणि तेथे बेंजामिन फ्रँकलिनने संयुक्त कारभाराची योजना मांडली. तत्पूर्वी मे महिन्यात त्याने आपल्या वृत्तपत्रात एक चित्र छापले होते : आठ तुकडे झालेला साप, प्रत्येक तुकड्यापाशी वसाहतींची आद्याक्षरे आणि खाली ‘एक व्हा, नाहीतर मरा’ अशा अर्थाचा मजकूर. हे चित्र आज ब्रिटिशविरोधी म्हणून सर्रास दाखवले जाते. मुळात ते फ्रेंचांविरुद्ध होते आणि ते काढणारा गृहस्थ त्या वेळी ब्रिटिश राजाचा एकनिष्ठ प्रजाजन होता. योजनेचे पुढे काय झाले? एकाही वसाहतीच्या विधिमंडळाने ती मान्य केली नाही, कारण आपले अधिकार जातील अशी प्रत्येकाला भीती होती. आणि लंडननेही ती उचलून धरली नाही, कारण तेथल्यांना वसाहतींच्या हाती फार अधिकार जातात असे वाटले. शत्रू दारात असतानाही एकी झाली नाही, ही गोष्ट आपण वर्गात अवश्य सांगावी.

१७६३ मध्ये युद्ध संपले. फ्रेंच उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून हटले आणि वसाहतींच्या डोक्यावरची भीती गेली. ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज मात्र जवळजवळ दुप्पट झाले होते. त्यात अमेरिकेत सुमारे १०,००० सैनिक कायम ठेवण्याचे ठरले, त्यांचा काही खर्च वसाहतींनी उचलावा असे पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल याला वाटले, आणि मार्च १७६५ मध्ये मुद्रांक कायदा संमत झाला. माझ्या मते खरे वळण येथे आहे, चहाच्या प्रसंगात नाही.

हा कर कशावर होता ते पाहा. न्यायालयीन कागद, करारनामे, जमिनीचे दस्त, परवाने, वृत्तपत्रे, पंचांगे, पत्त्यांचा जोड, जुगाराचे फासे : या सर्वांना शिक्क्याचा कागद किंवा शिक्का सक्तीचा झाला. पत्त्यांच्या जोडाला एक शिलिंग आणि फाशांच्या जोडीला दहा शिलिंग असा दर होता. पैसे वसाहतीच्या कागदी चलनात भरता येत नव्हते, ब्रिटिश चलनातच भरायचे होते, आणि ते तर तेथे दुर्मीळ होते. शिवाय या करासंबंधीचे खटले ज्युरी नसलेल्या आरमारी न्यायालयांतही चालवता येणार होते. मुद्रांक विक्रेत्यासमोरच्या रांगेत आपण सगळेच कधी ना कधी उभे राहिलो आहोत, त्यामुळे या कराचा जाच वेगळा समजावून सांगायला नको. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे या एकाच कराने वकील, छापखानेवाले, व्यापारी आणि खानावळवाले एकदम दुखावले. ज्यांच्या हाती लेखणी, छापखाना आणि चार माणसे जमण्याची जागा होती, नेमक्या त्यांनाच सरकारने अंगावर घेतले, आणि तेही तेराही वसाहतींत एकाच तारखेपासून, १ नोव्हेंबर १७६५ पासून.

कायदा लागू होण्याच्या आदल्या दिवशी फिलाडेल्फियाच्या ‘पेनसिल्व्हेनिया जर्नल’ने आपले पहिले पान थडग्याच्या दगडासारखे सजवून, कवटी आणि हाडे छापून वाचकांचा निरोप घेतला. बोस्टनमध्ये त्याआधीच, १४ ऑगस्टला, मुद्रांक वाटपासाठी नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरची प्रतिमा एका एल्म वृक्षाला टांगलेली सापडली. शेजारी एक मोठा बूट लटकत होता आणि त्यातून सैतान डोकावत होता. लॉर्ड ब्यूट या बड्या दरबारी असामीच्या नावावरची ती कोटी होती. ऑलिव्हरने राजीनामा द्यायचे कबूल केले. इतर वसाहतींतील मुद्रांक अधिकाऱ्यांनी ही बातमी वाचली, आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत त्यांतील बहुतेकांनी पदे सोडली होती. मग कागद विकायलाच कोणी उरले नाही. ‘स्वातंत्र्याचे पुत्र’ म्हणवणारे गट गावोगावी उभे राहिले ते याच काळात.

ऑक्टोबर १७६५ मध्ये न्यूयॉर्क येथे नऊ वसाहतींचे २७ प्रतिनिधी जमले. इतक्या वसाहतींनी लंडनच्या बोलावण्यावाचून, स्वतःहून जमण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांचा ठराव अत्यंत नम्र भाषेत लिहिलेला आहे. राजनिष्ठेची ग्वाही आधी, तक्रार नंतर. पण मुद्दा पक्का होता : ज्या संसदेत आमचा प्रतिनिधी नाही तिने आमच्यावर कर बसवू नये. आपला माल अमेरिकेत खपेनासा झाला म्हणून ब्रिटनमधील व्यापारीच संसदेकडे धावले आणि मार्च १७६६ मध्ये कायदा रद्द झाला. त्याच दिवशी संसदेने दुसरा एक कायदा करून, वसाहतींसाठी कोणत्याही बाबतीत कायदे करण्याचा आपला अधिकार शाबूत असल्याचे नोंदवून ठेवले. आनंदाच्या भरात तिकडे फार थोड्यांनी लक्ष दिले.

प्रश्न : साखरेवरील आणि मळीवरील करामुळे अमेरिकेत असंतोष सुरू झाला, असे वाचले. आमचा धंदा गुळाचा असल्याने कुतूहल वाटले. मळीसाठी कोणी साम्राज्याशी भांडेल का?
— गूळ व्यापारी, शाहूपुरी

उत्तर : भांडले, पण सगळे भांडले नाहीत, आणि तेच येथे बघण्यासारखे आहे. कॅरिबियन बेटांवर उसापासून साखर काढल्यावर जो काळा, चिकट द्रव उरे, त्याची ही गोष्ट. काही मराठी पुस्तकांत त्याला काकवी म्हटलेले आढळते, पण आपल्या गुऱ्हाळावरची काकवी निराळी आणि ही मळी निराळी, हे आपल्याला मी सांगायला नको. न्यू इंग्लंडमधील, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या बाजूच्या ईशान्येकडील वसाहतींतील, भट्ट्या ही मळी विकत घेऊन तिची रम गाळत. फ्रेंच बेटांवरील मळी स्वस्त पडे. तिच्यावर १७३३ पासून गॅलनमागे सहा पेन्स कर होता, परंतु तो भरण्यापेक्षा जकात अधिकाऱ्याचा हात ओला करणे परवडत असे. १७६४ मध्ये ग्रेनव्हिलने कर निम्म्यावर, म्हणजे तीन पेन्सांवर आणला आणि वसुली मात्र खरोखरीची सुरू केली. कर कमी झाला म्हणून लोक चिडले, असे म्हटले तर विचित्र वाटेल. पण कागदावरचा सहा पेन्सांचा कर कोणी भरत नव्हते आणि हा तीन पेन्सांचा भरावा लागत होता.

तरीही या कराने वसाहती एक झाल्या नाहीत. ओरड झाली ती मुख्यतः उत्तरेकडील बंदरांत. व्हर्जिनियातल्या तंबाखूवाल्याला मळीशी काय देणेघेणे? वर्षभरात आलेला मुद्रांक कर मात्र प्रत्येकाच्या दारात गेला. गंमत अशी की, १७६६ मध्ये मळीवरील कर एक पेनीवर आला, तो ब्रिटिश बेटांच्या मळीलाही लागू झाला, सरकारला त्यातून चांगले उत्पन्न मिळू लागले आणि ‘प्रतिनिधित्वाशिवाय कर नको’ म्हणणाऱ्यांपैकी फारसे कोणी त्याबद्दल तोंड उघडले नाही.

प्रश्न : बोस्टनमध्ये बुडवलेला चहा भारतातला होता का? आणि ती ईस्ट इंडिया कंपनी म्हणजे आपल्याकडचीच का?
— पदवीची विद्यार्थिनी, गडहिंग्लज

उत्तर : कंपनी तीच, चहा मात्र चीनचा. आसामात चहाची लागवड पुढे १८३० च्या दशकात सुरू झाली. १७७० चा बंगालचा भीषण दुष्काळ, युद्धखर्च आणि १७७२ ची युरोपातील पतटंचाई यांमुळे कंपनी अडचणीत आली होती आणि तिच्या लंडनच्या गोदामांत चहा पडून होता. १७७३ मध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थच्या सरकारने तिला १४ लाख पौंडांचे कर्ज दिले, तिच्या भारतातील कारभाराला वेसण घालण्यासाठी नियामक कायदा केला आणि तिचा चहा खपावा म्हणून चहाचा कायदाही केला. आपल्या अभ्यासक्रमात पहिला कायदा भारताच्या प्रकरणात येतो आणि दुसरा अमेरिकेच्या, त्यामुळे दोन्ही एकाच बुडत्या पेढीच्या डागडुजीसाठी होते हे लक्षात येत नाही.

नव्या कायद्याने चहा स्वस्त होणार होता. कंपनी मधले व्यापारी टाळून स्वतःच्या अडत्यांमार्फत तो थेट विकणार होती; पौंडामागे तीन पेन्सांचा जुना कर तेवढा कायम होता. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क येथे येणारी जहाजे लोकांनी परत पाठवली. चार्ल्सटनमध्ये चहा उतरला, पण तळघरात पडून राहिला. बोस्टनमध्ये मात्र मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर थॉमस हचिन्सन जहाजे कर भरल्याखेरीज परत जाऊ देईना, आणि वीस दिवसांत कर न भरल्यास माल जप्त व्हायचा होता. मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी, १६ डिसेंबर १७७३ रोजी, हजारो लोकांची सभा उठली आणि मोहॉक या मूलनिवासी जमातीच्या लोकांसारखी सोंगे घेतलेली माणसे धक्क्यावर गेली. त्यांनी तीन जहाजांवरील ३४२ पेट्या कुऱ्हाडींनी फोडून पाण्यात रिकाम्या केल्या. ओहोटी असल्याने चहाचे ढीग जहाजाच्या कडेला साचले, ते ढकलावे लागले. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही असा दंडक होता. एक कुलूप फुटले, तर ते नंतर भरून दिल्याचे सांगितले जाते.

या नासाडीने सर्वच वसाहती हरखल्या नाहीत. फ्रँकलिनसह अनेकांचे मत चहाची भरपाई द्यावी असे होते. त्यांना बोस्टनच्या मागे उभे केले ते लंडनने. १७७४ च्या कायद्यांनी बोस्टनचे बंदर १ जूनपासून बंद केले आणि मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत मनमानी बदल केले. आज बोस्टन, उद्या आपण, हे इतरांना सांगायला मग कोणाची गरज उरली नाही. दक्षिण कॅरोलिनातून तांदूळ आला, कनेक्टिकटमधून मेंढ्या हाकत आणल्या गेल्या. ही मदत इतक्या झटपट उभी राहिली, कारण पत्रांची वाट आधीच पडलेली होती. नोव्हेंबर १७७२ मध्ये सॅम्युअल ॲडम्स या स्थानिक पुढाऱ्याच्या पुढाकाराने बोस्टनने पत्रव्यवहार समिती नेमली होती आणि मॅसॅच्युसेट्समधील शंभरांहून अधिक गावांनी तिला उत्तरे पाठवली होती. मार्च १७७३ मध्ये व्हर्जिनियाने तशीच समिती नेमून इतर वसाहतींनाही आवाहन केले. पॉल रिव्हिअर नावाचा चांदीकाम करणारा कारागीर मे १७७४ मध्ये घोड्यावरून बोस्टनची पत्रे घेऊन न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियापर्यंत गेला होता.

सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियात पहिली काँग्रेस, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, भरली. तेथे बाराच वसाहती हजर होत्या, जॉर्जिया आली नव्हती. त्याच वर्षी पुण्यात राघोबादादांच्या विरोधात बारभाई एकत्र आले होते. या दोन गोष्टींचा परस्परांशी काडीचा संबंध नाही; परंतु मराठी माणसाला तो आकडा दिसल्यावाचून राहत नाही.

प्रश्न : आमच्या भागात घरोघरी कापडाचा धंदा. अमेरिकेतही ब्रिटिश कापडावर बहिष्कार घातला होता असे ऐकले. त्यात स्त्रियांचा वाटा किती होता?
— गृहिणी, इचलकरंजी

उत्तर : बराच होता, कारण बहिष्कार शेवटी घरातल्या खरेदीवर उभा असतो. १७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर नवे कर बसले, त्यानंतर वसाहतींतील बंदरांनी एकामागून एक ब्रिटिश माल न मागवण्याचे करार केले. १७६९ च्या सुमारास न्यू इंग्लंडमधील गावांत स्त्रिया धर्मोपदेशकाच्या घरी दिवसभर जमून सूत कातत आणि निघालेले सूत त्यालाच देऊन टाकत. वृत्तपत्रे याच्या बातम्या कौतुकाने छापत. त्या सुताने अमेरिकेची कापडाची गरज भागली, असे समजू नये. अंगावरचे जाडेभरडे घरचे कापड पाहून माणूस कोणत्या बाजूचा आहे हे कळू लागले, हा त्याचा खरा उपयोग. आपल्याकडे सार्वजनिक काकांनी खादी अंगावर घेतली, तेव्हाही हेच घडले.

पण ही पहिली एकी टिकली नाही. १७७० मध्ये चहा वगळून बाकीचे कर रद्द झाले, तसा न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी करार मोडला आणि इतर शहरांनी शिव्याशाप देत त्यांचेच अनुकरण केले. पुढची दोन-तीन वर्षे शांततेची होती आणि चहा पुन्हा पुष्कळ प्यायला जात होता. १७७४ च्या काँग्रेसने हा धडा घेतलेला दिसतो. तिने १ डिसेंबरपासून आयातबंदी जाहीर केली आणि ती व्यापाऱ्यांच्या शब्दावर न सोडता प्रत्येक परगण्यात आणि गावात निवडलेल्या समित्यांकडे सोपवली. करार मोडणाऱ्याचे नाव वृत्तपत्रात छापायचे आणि त्याच्याशी व्यवहार तोडायचा, असे ठरले. थोडक्यात, वाळीत टाकणे. जाच म्हणावा असाच हा प्रकार होता. परंतु ज्यांना कधी विधिमंडळात पाऊल ठेवता आले नसते, अशी हजारो साधी माणसे या समित्यांतून प्रथमच सार्वजनिक कामात आली.

ऑक्टोबर १७७४ मध्ये उत्तर कॅरोलिनातील इडेंटन येथे ५१ स्त्रियांनी बहिष्काराच्या पाठिंब्याच्या निवेदनावर सह्या केल्या. लंडनमध्ये त्यांचे टिंगल करणारे व्यंगचित्र निघाले. मला त्याहून एक लहानसा प्रसंग अधिक बोलका वाटतो. जुलै १७७४ मध्ये जॉन ॲडम्स दिवसभर घोड्यावरून रपेट करून एका घरी उतरला. चोरट्या मार्गाने आलेला, कर न भरलेला चहा असेल तर थकल्या प्रवाशाला घोटभर चालेल का, असे त्याने मालकिणीला विचारले. नाही, आम्ही चहा सोडला आहे. कॉफी करून देते, असे ती म्हणाली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या या गृहस्थाने तेव्हापासून रोज दुपारी कॉफी घेतली आणि आपल्यालाही चहा सुटायला हवा, असे पत्नीला लिहून कळवले.

प्रश्न : टोलविरोधी आंदोलनात अख्खे कोल्हापूर एक झाल्याचे आम्ही पाहिले. अमेरिकेतही सगळे असेच एक झाले होते का? की विरोधातलेही लोक होते?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : तुलनेचा मोह मलाही होतो, पण थोडा सांभाळून करावा. आम्हाला न विचारता पैसे का घेता, हा सूर दोन्हीकडे होता हे खरे. मात्र आपल्याला मतदान करून सरकार बदलता येत होते आणि टोल अखेर त्याच चौकटीत रद्द झाला. त्यांच्यापाशी ती सोय नव्हती, किंवा नाही म्हणूनच भांडण होते.

सगळे एक मुळीच नव्हते. १७७५ च्या सुमारास वसाहतींची लोकसंख्या सुमारे २५ लाख होती आणि त्यांतील जवळजवळ पाच लाख माणसे गुलामगिरीत होती. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द रोज कानावर पडणाऱ्या या लोकांना नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने सांगितले की, बंडखोर मालकांना सोडून आमच्याकडून लढाल तर मुक्त व्हाल. शेकडो लोक त्याच्याकडे गेले. दक्षिणेतील अनेक मळेवाले राजापासून कायमचे दूर झाले ते या जाहीरनाम्याने; तेव्हा त्या एकीच्या कारणांत हेही एक कारण धरावे लागते, मग ते कितीही अवघडल्यासारखे वाटो. राजनिष्ठ गोऱ्यांची संख्याही मोठी होती. युद्धानंतर साठ हजारांहून अधिक माणसे देश सोडून कॅनडात, इंग्लंडमध्ये आणि कॅरिबियन बेटांवर गेली. एप्रिल १७७५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन आणि कॉन्कॉर्ड येथे ब्रिटिश सैनिक आणि वसाहतवाले यांच्यात गोळ्या झाडल्या गेल्यानंतरही काँग्रेसने राजाकडे समेटाचा अर्ज पाठवला होता. जुलै १७७६ मध्ये स्वातंत्र्याचा ठराव मताला आला, त्या दिवशी बारा वसाहतींनी बाजूने मत दिले आणि न्यूयॉर्क तटस्थ राहिली. तिची संमती आठवडाभराने आली.

घरेही फुटली. सापाचे चित्र छापणाऱ्या फ्रँकलिनचा मुलगा विल्यम न्यू जर्सीचा गव्हर्नर होता. तो राजाच्या बाजूने राहिला, वसाहतवाल्यांच्या कैदेत पडला आणि शेवटी इंग्लंडला निघून गेला. १७९० मध्ये बाप वारला, तेव्हा मृत्युपत्रात मुलाच्या वाट्याला आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया येथील काही जमिनीवरचा हक्क आणि त्याच्यापाशी आधीपासून असलेली पुस्तके व कागदपत्रे यांपलीकडे फारसे काही आले नव्हते.